पुसण्याआधीं वाचा

साहित्याला वाहिलेल्या मासिकांत संगणकाच्या दुखण्याचा विषय पाहून कांहीं वाचक नाक मुरडतील, हें आम्ही जाणून आहों. दुरुस्तीचीं कामें दुरुस्तीच्या दुकानांत व्हावीं आणि मासिकांत काव्यशास्त्रविनोद चालावा, अशी वांटणी आपल्या सुशिक्षित समाजानें फार दिवसांपासून करून ठेविली आहे. परंतु ज्या रोगाविषयीं आम्हांस लिहावयाचें आहे, तो वरवर यंत्राचा दिसत असला तरी मुळांत वाचनाचा आहे. डोळ्यांपुढें लिहून ठेविलेला मजकूर न वाचतां निकाल देण्याची जी खोड आपल्या शिकलेल्या वर्गास लागली आहे, तिचें एक ठळक उदाहरण म्हणून आम्हीं हा विषय घेतला आहे. आणि वाचनाच्या रोगाची चिकित्सा साहित्याच्या मासिकानें करावयाची नाहीं, तर कोणीं करावयाची?

आधीं हकीकत सांगतों. आमच्या भाचीच्या टेबलावरील संगणकावर लिनक्स ही प्रणाली आहे. ती एम्. ए. च्या प्रबंधासाठीं आपल्या आजीच्या, म्हणजे आमच्या बहिणीच्या सासूबाईंच्या, तोंडच्या जात्यावरच्या ओव्या उतरून घेत होती. अकरा महिने हें काम चाललें होतें. ओवी, तिच्याखालीं आजींनीं सांगितलेला अर्थ, ती ओवी त्या कोणापासून शिकल्या तिचें नांव व गांव, अशीं तीनशेंवर टिपणें झालीं होतीं. एके सकाळीं, आदल्या रात्रीं प्रणालीची सुधारणा झाल्यानंतर, यंत्र सुरू केलें तों पडदा काळा. पंखा फिरतो आहे, दिवा लागतो आहे, पण पडद्यावर कांहीं नाहीं. वडीलधार्‍यांनीं तें यंत्र उचलून बाजारांतील एका दुरुस्तीवाल्याकडे नेलें. त्यानें पांच मिनिटें पाहिलें, "सिस्टीम उडाली आहे, फॉरमॅट करावें लागेल" असा निकाल दिला, आणि संध्याकाळीं यंत्र स्वच्छ करून परत केलें. तें इतकें स्वच्छ झालें होतें कीं, त्यांत एक ओवीही उरली नव्हती. टिपणांची दुसरी प्रत ठेविली नव्हती, हा दोष आमच्या घरचा. तो आम्ही दुसर्‍याच्या माथीं मारीत नाहीं. कांहीं ओव्यांचें ध्वनिमुद्रण फोनमध्यें राहिलें होतें. पण अर्थ सांगणार्‍या सासूबाई त्याच पावसाळ्यांत वारल्या.

पुढें दोन महिन्यांनीं, अशाच एका सुधारणेनंतर, पडदा पुन्हां काळा झाला. या खेपेस यंत्र दुकानांत न पाठवितां आम्ही व भाची त्याच्यापुढें बसलों. कंट्रोल, आल्ट आणि एफ ३ या तीन कळा एकदम दाबतांच काळ्या पडद्यावर पांढर्‍या अक्षरांत यंत्रानें नांव विचारलें. म्हणजे यंत्र मेलें नव्हतें. चित्र काढण्याचें तेवढें थांबलें होतें. तिच्या सर्व फाइली जागच्या जागीं होत्या. मग सुधारणेची नोंद ज्या वहींत होते, ती उघडली. नव्या कर्नेलसाठीं ग्राफिक्स ड्रायव्हरची जुळणी करतांना लागणार्‍या हेडर फाइली सांपडल्या नाहींत, म्हणून ड्रायव्हर तयार झाला नाहीं, असें तेथें स्पष्ट लिहिलें होतें. तें एक पॅकेज घातलें, जुळणी पुन्हां केली, यंत्र नव्यानें सुरू केलें, आणि पडदा उजळला. सगळा खटाटोप चाळीस मिनिटांचा! पहिल्या खेपेसही हेंच झालें होतें कीं काय, हें आतां कोणी सांगूं शकणार नाहीं; कारण रोग्याबरोबर त्याची नोंदवहीही पुसून टाकण्यांत आली. आमचा संताप त्या दुकानदारावर नाहीं. जी शिकवण त्याला मिळाली, आणि जी आपण सर्व डोळे मिटून मान्य करतों, तिच्यावर आहे.

येथें थोडी फोड केली पाहिजे. पडद्यावर जें चित्र उमटतें, तें काढणारा संगणकांतील भाग म्हणजे ग्राफिक्स कार्ड. त्याची भाषा त्याच्या कारखानदाराला ठाऊक. प्रणालीचा गाभा जो कर्नेल, त्याची भाषा निराळी. या दोघांमधला दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. भाषाशुद्धीचे अभिमानी त्यास 'चालक' म्हणोत. तो गाडी चालवीत नाहीं, बोलणीं चालवितो, एवढें ध्यानांत ठेविलें म्हणजे झालें. लिनक्सवर या दुभाष्यांच्या दोन जाती आहेत. एक जात कर्नेलच्या घरांतच वाढते. कर्नेल बदलला कीं त्याच्याबरोबर तिचीही भाषा बदलून घेतली जाते. दुसरी जात घराबाहेर राहते. कर्नेलचें अंतर्गत व्याकरण त्याचे कर्ते वेळोवेळीं जाणूनबुजून बदलतात, आणि तें स्थिर ठेवण्याचें वचन त्यांनीं बाहेरच्या कोणालाही दिलेलें नाहीं. त्यामुळें बाहेरच्या दुभाष्याची जुळणी दर नव्या कर्नेलबरोबर पुन्हां करावी लागते. ही जुळणी आपोआप व्हावी म्हणून डेल कंपनींत तयार झालेली डीकेएमएस नांवाची सोय आहे. पण तिला हेडर फाइली लागतात, आणि त्या नसल्या कीं ती थांबते. कांहीं यंत्रांवर 'सिक्युअर बूट' नांवाचा दरवान असतो. ज्याच्याजवळ मान्य सहीचा परवाना नाहीं अशा ड्रायव्हरला तो कर्नेलच्या घरांत पाऊल टाकूं देत नाहीं. कधीं कार्डाला लागणारी फर्मवेअरची फाइल नसते; कधीं ड्रायव्हरचा कर्नेलमधील भाग नवा आणि बाहेरील भाग जुना राहून दोघांचें जमत नाहीं. म्हणजे सुधारणेनंतर पडणार्‍या काळ्या पडद्याचीं नेहमींचीं कारणें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं आहेत. आणि यांतील कोणत्याही कारणाचा तुमच्या पत्रांशीं, लेखांशीं, छायाचित्रांशीं कांहीं संबंध नाहीं. देवघरांतला दिवा विझला म्हणून कपाटांतल्या पोथ्या जळत नाहींत. परंतु दिवा लागत नाहीं एवढ्यासाठीं घर पाडून नवें बांधावें, अशी सल्ला देणारे आपल्याकडे तज्ज्ञ म्हणून मिरवितात!

आतां या पुसण्याच्या पंथाचे कैवारी काय म्हणतात तें पाहूं. त्यांचा पहिला मुद्दा वेळेचा. "निदान करीत बसायला वेळ कोणाला आहे? पुसून पुन्हां घालणें सोपें." सोपें कोणाला? दुकानदाराला, कारण त्याला विचार करावा लागत नाहीं. मालकाला मात्र पुढचे आठ दिवस आपले कार्यक्रम, आपल्या खुणा, आपले परवलीचे शब्द शोधीत फिरावें लागतें. शिवाय ज्या कारणानें पडदा काळा झाला तें कारण कळलेंच नाहीं, म्हणून तें पुढच्या सुधारणेला पुन्हां दारांत उभें. आधीं रोगाची परीक्षा, मग औषध, हा आपल्या वैद्यकाचा जुना दंडक आहे. नुसत्या निदानाला वाहिलेला 'माधवनिदान' हा स्वतंत्र ग्रंथ आपल्याकडे शेंकडों वर्षांपासून अभ्यासिला जातो. त्या परंपरेचा अभिमान सांगणार्‍या घरांत, ताप कशाचा हें न पाहतां रोग्यालाच बदलून घेण्याची चाल रूढ व्हावी, हें नवल नव्हे काय?

दुसरा मुद्दा असा कीं, "दोष लिनक्सचा आहे, फुकट तें पौष्टिक कसें असेल? पैसे मोजून घेतलेली प्रणाली वापरा, म्हणजे असले प्रसंग येणार नाहींत." या मंडळींना १९ जुलै २०२४ या दिवसाची आठवण करून द्यावीशी वाटते. त्या दिवशीं क्राउडस्ट्राइक या कंपनीनें आपल्या संरक्षक कार्यक्रमासाठीं पाठविलेल्या एका सदोष फाइलीमुळें विंडोजवर चालणारीं सुमारें ८५ लाख यंत्रें निळ्या पडद्यावर येऊन थांबलीं, असा खुद्द मायक्रोसॉफ्टचा अंदाज आहे. दवाखाने, बँका, विमानतळ यांचें काम अडलें. आपल्या देशांतही कांहीं विमानतळांवर हातानें लिहिलेलीं प्रवेशपत्रें प्रवाशांना द्यावीं लागलीं. तेंही दुखणें कर्नेलच्या घरांत शिरलेल्या एका ड्रायव्हरचेंच होतें. आणि त्यावर उपाय काय निघाला? यंत्र सुरक्षित रीतीनें सुरू करावें आणि ती एक फाइल काढून टाकावी, एवढाच. लाखों यंत्रें पुसून नव्यानें घालण्याची आज्ञा कोणीं दिली नाहीं. कारण ज्यांच्या विमानांचा खोळंबा होतो, त्यांना निदानाची किंमत कळते. आमच्या भाचीच्या ओव्यांना मात्र तेवढी किंमत नव्हती!

तिसरा मुद्दा अधिक विचार करण्यासारखा आहे. "हें तज्ज्ञांचें काम, सामान्य माणसानें त्यांत कां पडावें?" यावर आमचें उत्तर असें कीं, शस्त्रक्रिया डॉक्टरनें करावी हें खरें, पण पोटांत कोठें दुखतें हें रोग्यानेंच सांगावयाचें असतें. यंत्राच्या बाबतींत तर रोगी स्वतःची तक्रार स्वतःच लिहून ठेवतो. लिनक्स प्रणाली सुरू होतांना प्रत्येक पाऊल नोंदविते. कोणतें कार्ड दिसलें, त्याला कोणता ड्रायव्हर मिळाला, कोणती फाइल सांपडली नाहीं, हें सारें त्यांत असतें. केरळांतील सरकारी शाळांत मुलें कित्येक वर्षें याच प्रणालीवर शिकत आहेत. त्यांच्या पालकांना कांहीं आकाशांतून विशेष बुद्धि मिळालेली नाहीं. राहतां राहिला प्रश्न इंग्रजीचा. त्या नोंदी इंग्रजींत असतात हें कबूल. परंतु जीं घरें बँकेचें पत्र, विम्याचा करार आणि औषधाच्या बाटलीवरील बारीक अक्षरें इंग्रजींत वाचतात, त्यांनीं 'फाइल सांपडली नाहीं' एवढ्या अर्थाच्या वाक्यापुढें निरक्षर बनावें, हें आळसाला दिलेलें सुशिक्षित नांव आहे.

मग वाचावें तरी काय आणि कोणत्या क्रमानें? त्याचा क्रम इतका साधा आहे कीं, तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवावा. प्रथम, यंत्र मेलें आहे कीं नुसतें आंधळें झालें आहे, हें पाहावें. कॅप्स लॉकची कळ दाबली असतां तिचा दिवा लागत-विझत असेल, तर बहुधा यंत्र जिवंत आहे. मग वर सांगितलेल्या तीन कळा दाबून अक्षरांचा पडदा मिळतो का पाहावा. दुसरें, यंत्र सुरू होतांना येणार्‍या यादींतून आधींचा कर्नेल निवडावा. उबुंटु, डेबियन यांसारख्या संचांत नवा कर्नेल आला तरी जुना बहुधा ठेविलेला असतो. तो निवडतांच पडदा उजळला, तर दोष नव्या कर्नेलच्या व ड्रायव्हरच्या जुळणींत आहे, हें अर्धें निदान तेथेंच झालें. आमच्या भाचीचें यंत्र ज्या दिवशीं पुसलें गेलें, त्या दिवशीं त्या यादींतील दुसरी ओळ निवडून पाहण्याचें कष्ट कोणी घेतले असते तर! तिसरें, तेंही न जमल्यास सुरुवातीच्या आज्ञेंत 'नोमोडसेट' हा एक शब्द तात्पुरता जोडावा. त्यानें यंत्र साध्या, ओबडधोबड चित्रावर तरी बहुधा सुरू होतें. ती कुबडी आहे, औषध नव्हे. पण कुबडीवर चालत वैद्याकडे जातां येतें. चौथें, आणि सर्वांत महत्त्वाचें, पडदा कसाही मिळाला कीं पहिल्यानें आपल्या फाइलींची प्रत बाहेर काढावी. कोणताच पडदा न मिळाला, तरी पेनड्राइव्हवरील प्रणालीनें यंत्र सुरू करून, तबकडीला कुलूपबंद सांकेतिक आवरण नसेल तर सहज आणि असेल तर परवलीचा शब्द देऊन, त्या काढतां येतात.

यानंतर खरें वाचन. 'एलएसपीसीआय' या आज्ञेला 'के' हें अक्षर जोडलें म्हणजे कार्डाचें नांव व त्याच्याखालीं चालू असलेल्या ड्रायव्हरचें नांव दिसतें. ती खालची ओळच नसेल, तर दुभाषा कामावर आलेला नाहीं. 'जर्नलसीटीएल' ही आज्ञा नोंदवही उघडते, आणि मागच्या, बिघडलेल्या खेपेची नोंदही ती बहुधा दाखवूं शकते. कधीं पडदा काळा होत नाहीं, पण खिडक्या रांगत चालतात आणि पंखा सारखा घोंघावतो. अशा वेळीं चित्र काढणार्‍याचें नांव 'एलएलव्हीएमपाइप' असें आलें, तर समजावें कीं कार्ड स्वस्थ बसलें आहे आणि त्याचें काम बिचारा प्रोसेसर करतो आहे. जें सांपडेल त्यावर एका वेळीं एकच बदल करावा, तो वहींत टिपावा, आणि गुण आला कीं नाहीं हें पाहून मग दुसरा करावा. यांत विद्वत्ता नाहीं; चांगल्या गृहिणीनें भाजींत मीठ घालून चव पाहण्याइतकीच ही गोष्ट आहे.

आतां दुसर्‍या बाजूचेंही माप पदरांत घातलें पाहिजे. नाहीं तर आम्हीं पक्षपात केला असें होईल. लिनक्सचे जे अभिमानी आहेत, त्यांतील पुष्कळांनीं या विद्येचें सोंवळें करून ठेविलें आहे. नवशिक्यानें शंका विचारली कीं "आधीं पुस्तिका वाचा" असें फटकारून त्याला दारांतूनच परत लावावयाचें, किंवा उलट, दहा ओळींचा एक मंत्र त्याच्या हातांत देऊन "हा जसाच्या तसा म्हण" असें सांगावयाचें. पहिल्यानें तो पळून जातो. दुसर्‍यानें तो पोपट होतो. अर्थ न कळतां म्हटलेल्या स्तोत्रानें निदान नुकसान तरी होत नाहीं. पण यंत्राच्या सर्वाधिकारानें दिलेली अनोळखी आज्ञा बर्‍या असलेल्या ड्रायव्हरलाही घराबाहेर काढूं शकते. पुसणारा आणि पोपट हे दोघे एकाच शाळेंतले: न वाचणारे. आणि मराठींत लिहिणारे आम्ही तरी कोठें निर्दोष आहों? या विषयावर शंभर पानांचें एक सरळ, स्पष्ट मराठी पुस्तक घरोघर असतें, तर भाचीच्या घरच्यांनीं यंत्र उचलण्यापूर्वीं तें उघडलें असतें. तें आम्हीं लिहिलें नाहीं. पुसणार्‍याच्या पदरीं दोष घालतांना ही आपली कसूर विसरतां कामा नये.

एक गोष्ट मात्र या सोंवळेकर्‍यांनीं आणि पुसणार्‍यांनींही ध्यानांत ठेवावी. ज्या चळवळींतून ही प्रणाली वाढली, तिची एक मुळी अशाच एका यंत्राच्या दुखण्यांत आहे. अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेंत रिचर्ड स्टॉलमन काम करीत असतां तेथें झेरॉक्सचें एक नवें छापयंत्र आलें. आधींच्या छापयंत्रांत कागद अडकला कीं काम देणार्‍याला तशी सूचना जावी, अशी सोय स्टॉलमन यांनीं त्याच्या कार्यक्रमांत केली होती. नव्या यंत्राचा मूळ कार्यक्रम मात्र त्यांना मिळेना. ज्याच्याजवळ तो होता त्यानें, न देण्याचें वचन दिलें आहे म्हणून, नकार दिला. आपल्यापुढें अडलेलें यंत्र आपल्याला उघडून वाचतां येऊं नये, हा अपमान त्यांच्या मनांत राहिला. आणि १९८३ सालीं त्यांनीं ग्नू या मुक्त प्रणालीच्या कार्याची घोषणा केली. १९९१ सालीं लायनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें लिनक्सचा कर्नेल बाहेर आणला आणि दोन्ही एकत्र आलीं. ग्राफिक्स कार्डांचे कारखानदार फार काळ आपल्या कार्डांची भाषा गुप्त ठेवीत. २००७ सालीं एएमडी कंपनीनें ती माहिती प्रसिद्ध करण्याचा निर्णय जाहीर केला. २०२२ सालीं एनव्हिडिया कंपनीनेंही आपल्या ड्रायव्हरच्या कर्नेलमधील भागाचा मूळ मजकूर खुला केला. या मधल्या काळांत कांहीं स्वयंसेवकांनीं त्याच कंपनीच्या कार्डांची भाषा नुसत्या निरीक्षणानें उलगडून 'नूव्हो' नांवाचा ड्रायव्हर लिहिला, आणि तो २०१० सालीं कर्नेलमध्यें सामील झाला. सांगावयाचें तात्पर्य इतकेंच कीं, यंत्रानें आपली तक्रार लिहावी आणि ती मालकाला वाचतां यावी, एवढ्यासाठीं माणसांनीं आयुष्यें वेंचलीं. आणि तो हक्क फुकट हातीं आला असतां आपण काय करतों? न वाचतां पुसतों!

भाचीनें आतां ओव्या पुन्हां लिहावयास घेतल्या आहेत. ध्वनिमुद्रणावरून शब्द मिळतात. पण आजींनीं सांगितलेला अर्थ पुष्कळ ठिकाणीं कोणालाच ठाऊक नाहीं. तेथें तिनें ओवीखालीं जागा कोरी सोडली आहे. तिच्या टेबलावर एक साधी वही असते. यंत्रांत कोणत्या दिवशीं काय बदललें, काय बिघडलें आणि कशानें सुधारलें, तें ती त्यांत मराठींत टिपते, आणि दर रविवारीं टिपणांची प्रत दुसर्‍या तबकडीवर काढते. आमच्या वाचकांच्या घरांतही आज ना उद्यां एखादा पडदा काळा होईल. त्यावर चालणारी प्रणाली कोणतीही असो. त्या वेळीं घाई करून उपदेश करणारे चारजण जमतील. त्यांचें ऐकण्यापूर्वीं यंत्र काय म्हणतें तें ऐकावें. वाचून झाल्यावर पुसणें केव्हांही करतां येतें. पुसून झाल्यावर मात्र वाचतां येत नाहीं.